गारठा आणि काळोखाच्या दिवसांतलं इंडी संगीत: सध्या काय ऐकताय?

शिशिर_ग्लासगो

ग्लासगोत डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि त्याआधीचा दिवसही ढगाखालीच जातो. या हवेसाठी इंडी, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरच्या स्वतंत्र कलाकारांचे, आल्बम सुचवा. सुटी गाणी नकोत, पहिल्यापासून शेवटपर्यंत एका दमात ऐकता येईल असं काहीतरी हवं. ऐकण्याच्या वेळा दोन आहेत. कामावर जाता-येता साधारण ४० मिनिटं चालणं होतं, तेव्हा ब्लूटूथ इयरबड, कानटोपी आणि वारा. रात्री घरी टेबलावरचे छोटे स्पीकर, भिंती पातळ म्हणून आवाज अगदी कमी.

रडकं नको. हवा आधीच मलूल आहे, वर प्रेमभंगाच्या कहाण्या कशाला? जुनं-नवं दोन्ही चालेल. भारतातलं असेल तर तेही सांगा.

जोडीला एक शंका. हळू आवाजात लावलं की असले आल्बम पातळ, निर्जीव का वाटतात? मोठा आवाज न करता यावर काही उपाय आहे का?

मंद्रसप्तक

ग्लासगोत राहताय तर गावातल्याच बँडपासून सुरुवात करा. द ब्लू नाइलचा ‘हॅट्स’, १९८९. सात गाणी, ३९ मिनिटांच्या आसपास, म्हणजे तुमच्या चालण्यात अख्खा आल्बम मावतो. ओले रस्ते, दुकानांचे दिवे, रात्रीची शेवटची गाडी हेच त्याचं जग. सिंथेसायझरचे लांबवलेले स्वर आणि ड्रम मशीनचा ठेका यांच्यात इतकी मोकळी जागा ठेवली आहे की गायक पॉल ब्यूकॅनन एक ओळ म्हणून थांबला की ती ओळ खोलीत तरंगत राहते. पाचवं गाणं ‘फ्रॉम अ लेट नाइट ट्रेन’ जवळजवळ नुसत्या पियानोवर आणि ट्रम्पेटवर उभं आहे, तिथे पोचेपर्यंत घाई करू नका. लेबल आहे लिन, म्हणजे तुमच्याच भागातली टर्नटेबल बनवणारी कंपनी. ध्वनिमुद्रण किती निगुतीने केलंय ते चांगल्या इयरबडवर लगेच कळतं.

दुसरा आल्बमही जवळचाच. कॉक्टो ट्विन्स ग्रेंजमथचे, ग्लासगो आणि एडिनबरा यांच्या मधलं गाव. त्यांचा ‘व्हिक्टोरियालँड’ (१९८६) जेमतेम ३३ मिनिटांचा. नाव अंटार्क्टिकाच्या एका भागावरून घेतलेलं. बँडचा बेसवादक सायमन रेमंड या आल्बमवर नाही आणि ड्रम जवळपास गायब आहेत. उरतात रॉबिन गथ्रीच्या गिटारचे थरावर थर आणि एलिझाबेथ फ्रेझरचा गळा. डिफ जझ या बँडच्या रिचर्ड टॉमसने यात सॅक्सोफोन वाजवलाय आणि चक्क तबलाही. तो तबला आपण ऐकतो तसा पुढे येऊन बोलत नाही, एकदा कान लावून शोधा. ‘रडकं नको’ या अटीला हा आल्बम पुरेपूर उतरतो, कारण फ्रेझरचे शब्द बहुतेक वेळा कळतच नाहीत. दुःख सांगितलंच जात नाही, नुसता थंड उजेड पसरतो. मूळ एलपी मिळाली तर वेग बघून घ्या, ती ४५ आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ४५ फेऱ्यांची आहे. ३३ वर लावलीत तर गिटार आणखी धूसर होते आणि पहिल्या ऐकण्यात काही चुकतंय हे ध्यानातही येणार नाही.

मग लो. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या डलूथ गावचा बँड, सुपीरियर सरोवराच्या काठचा. हिवाळा म्हणजे काय हे त्यांना शिकवायला नको. पहिला आल्बम ‘आय कुड लिव्ह इन होप’ (१९९४). ठेका इतका संथ की दोन ठोक्यांमध्ये श्वास घेऊन होतो. मिमी पार्कर उभी राहून मोजक्या ड्रमवर बहुधा ब्रशने वाजवायची, बेस ड्रमची धडधड नाही. आल्बमची खरी ताकद आहे तिचा आणि ॲलन स्पारहॉकचा एकत्र लागलेला सूर. दोघांची मिळून एकच रुंद रेघ होते. ‘ललबाय’ जवळपास दहा मिनिटांचं आहे, ते चालताना न ऐकता घरी बसून ऐका. पार्कर २०२२ च्या नोव्हेंबरात गेली. १९९४ चा आल्बम फार उघडावाघडा वाटला तर २००१ चा ‘थिंग्ज वी लॉस्ट इन द फायर’ घ्या. तो स्टीव्ह अल्बिनीने मुद्रित केलाय, व्हायोलिन-चेलोची थोडी ऊब आहे.

आइसलँडच्या सिगूर रोस या बँडचं नाव कुणीतरी घेणारच, म्हणून मीच घेतो. दोन रिकामे कंस हेच ज्याचं नाव आहे तो २००२ चा आल्बम. आठ ‘निनावी’ गाणी, ७० मिनिटांच्या वर. गायक योन्सी इलेक्ट्रिक गिटारवर चेलोचा गज फिरवतो आणि कुठल्याही भाषेतले नसलेले शब्द गातो. आल्बमसोबतची पुस्तिकाही कोरी आहे. बँडचा स्टुडिओ म्हणजे १९३० च्या दशकातला एक जुना पोहण्याचा तलाव. पहिली चार गाणी उजेडाकडची, पुढची चार जड आणि काळोखी. आठवं गाणं पावणेबारा मिनिटं चढत जातं. सकाळी पहिला अर्धा आणि परतताना दुसरा अर्धा, असा वाटून ऐकला तरी चालतो, कारण तो तसाच दोन भागांत बांधलेला आहे.

रात्रीसाठी ग्रूपरचा ‘रुइन्स’ (२०१४). ग्रूपर म्हणजे एकटी लिझ हॅरिस. २०११ मध्ये पोर्तुगालमधल्या अल्जेझूर गावी एका घरात साधा उभा पियानो, चार ट्रॅकचं टेप मशीन आणि स्टिरिओ माइक एवढ्यावर बहुतेक आल्बम झालाय. मागे बेडूक ऐकू येतात, पाऊस ऐकू येतो. ती इतकी हळू गाते की पियानोच्या पेडलचा आवाज गाण्याच्या बरोबरीने येतो. हा आल्बम कमी आवाजासाठीच केल्यासारखा आहे.

बॉन इव्हेरचा ‘फॉर एमा, फॉरएव्हर अगो’ तुम्ही ऐकला असणारच. विस्कॉन्सिनमधल्या वडिलांच्या शिकारी झोपडीत २००६-०७ च्या हिवाळ्यात केलेला, ३७ मिनिटांचा. उत्तम आहे, पण तुमच्या अटीत बसत नाही, शब्द फार दुखरे आहेत. त्याऐवजी एड्रियन लेंकरचा ‘साँग्ज’ (२०२०). मॅसॅच्युसेट्समध्ये एका खोलीच्या लाकडी घरात टेपवर मुद्रित केलाय, बाहेरचे पक्षी आणि पाऊस तसेच ठेवलेत. विषय यातही विरहाचाच, पण गिटारची बोटं इतकी चपळ चालतात की मन खाली बसत नाही.

सोल्डरगन

शंकेचं उत्तर मी देतो, आल्बमचं वरच्यांनी छान सांगितलंय.

आवाज कमी केला की आपला कान सगळ्या स्वरांना सारख्या प्रमाणात कमी करत नाही. मधल्या पट्टीतले स्वर, म्हणजे माणसाचा आवाज, बऱ्यापैकी ऐकू येत राहतात. १०० हर्ट्झच्या खालचा बेस भराभर नाहीसा होतो, अगदी वरचे स्वरही थोडे मंदावतात. ‘हॅट्स’ किंवा लो यांच्या संगीतात मुळात चारच गोष्टी असतात, त्यातला बेस गेला की पातळ वाटणारच. शिवाय तुमचे टेबलावरचे छोटे स्पीकर बेस आधीच कमी देतात.

इक्वलायझरमध्ये (वेगवेगळ्या पट्ट्यांचा आवाज कमी-जास्त करायची सोय) १०० हर्ट्झच्या खाली ३ डेसिबल वाढवा. ४ च्या वर जाऊ नका. तीन इंचांचा स्पीकर त्यापुढे फाटका वाजतो आणि आवाजही घुसमटतो. पण तुमची खरी अडचण वेगळी आहे. पातळ भिंतीतून पलीकडे सगळ्यात जास्त जातो तो बेसच. म्हणून आधी स्पीकर जवळ ओढा. कानापासूनचं अंतर दीड मीटरवरून ७५ सेंटिमीटर केलंत तर तेवढ्याच आवाजात तुम्हाला सुमारे ६ डेसिबल जास्त मिळतात, शेजाऱ्याला काहीच वाढीव जात नाही. दोन स्पीकरमधलं अंतरही तेवढंच ठेवा आणि दोघांची तोंडं कानाकडे वळवा. स्पीकर शेजाऱ्याच्या भिंतीला टेकवू नका. खाली जाड फोमचा तुकडा घाला, नाहीतर टेबलच पेटीसारखं वाजायला लागतं. खिडकीचा पडदा ओढून घ्या, उघड्या काचेवरून वरचे स्वर परत येतात आणि आधीच गुंज असलेलं संगीत गढूळ होतं.

आता ॲप. तीन गोष्टी बंद करा: क्रॉसफेड, ऑटोप्ले आणि शफल. क्रॉसफेडमुळे एका गाण्याचं विरत जाणं दुसऱ्याच्या सुरुवातीवर चढतं, आणि या संगीतात विरत जाणं हाच अर्धा मामला असतो. ऑटोप्ले चालू राहिलं तर आल्बम संपल्या-संपल्या दुसऱ्याच कुणाचं गाणं सुरू होतं.

चौथी गोष्ट नॉर्मलायझेशन, म्हणजे गाण्यांचा आवाज ॲपने आपणच एका पातळीला आणणं. स्पॉटिफायवर आल्बम क्रमाने लावला तर अख्ख्या आल्बमला एकच माप लागतं, त्यामुळे हळू गाणं हळू राहतं आणि मोठं मोठं. तीच गाणी प्लेलिस्टमध्ये टाकलीत तर प्रत्येकाला वेगळं माप लागतं आणि कुजबुजतं गाणं उचलून बाकीच्यांच्या पातळीला आणलं जातं. म्हणून असल्या संगीताची प्लेलिस्ट सपाट वाटते. पातळीचा पर्याय ‘नॉर्मल’ ठेवा. ‘लाउड’वर हळू-मोठ्यातलं अंतर दाबलं जाण्याची शक्यता असते.

चालतानाचं. कानटोपी इयरबडच्या बाहेरच्या माइकवर आली की नॉइज कॅन्सलेशन (बाहेरचा आवाज कापायची सोय) लोकरीची खसखस आत आणतं, कधी बारीक शिट्टीही वाजते. टोपी घातली की ते बंद करा. वाऱ्यातही बंदच बरं. कॅन्सलेशन बसच्या इंजिनासारखा सलग, खालचा आवाज चांगला कापतं, पावसाची टपटप मात्र फारशी कापत नाही. तिथे उपयोगी पडतं रबरी टोकाचं माप. डब्यात सहसा तीन मापं येतात, दोन कानांना वेगळी लागू शकतात. टोक नीट बसलं नाही तर सगळ्यात आधी बेस जातो. थंडीत इयरबडची बॅटरी लवकर उतरते, डबी बाहेरच्या खिशात न ठेवता कोटाच्या आत ठेवा. हातमोज्यांनी स्पर्शाची बटणं चालत नाहीत, तेव्हा घरातून निघतानाच आल्बम लावून निघा.

सह्याद्री_धुकं

भारतातलं विचारलंत म्हणून. आमच्याकडे अशी हवा डिसेंबरात नसते, जुलै-ऑगस्टात असते. आंबोली, महाबळेश्वर, भीमाशंकर या पट्ट्यात आठवडा-आठवडा ऊन दिसत नाही आणि कपडे वाळत नाहीत. निवड मात्र वेगळी करावी लागते. पत्र्याच्या छपरावर पाऊस सुरू झाला की ‘रुइन्स’सारखा आल्बम ऐकताच येत नाही. पावसाचा आवाज वरच्या-मधल्या सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो आणि ब्रशचा स्पर्श, पियानोची शेपटी, कुजबुज हे सगळं नेमकं त्याच पट्ट्यात. आवाज वाढवून काही साधत नाही, कान तेवढे दुखतात. पत्र्याखाली भरगच्च, भिंतीसारखं संगीत लागतं. स्लोडाइव्ह या बँडचा ‘सुवलाकी’ (१९९३) पावसात मस्त टिकतो. त्यांचाच ‘पिग्मेलियन’ (१९९५) इतका विरळ आहे की तो स्लॅबच्या घरात किंवा तुमच्या बंद काचांच्या खोलीतच ऐकावा.

भारतातल्यांत सगळ्यात आधी बिपुल छेत्रींचा ‘स्केचेस ऑफ दार्जिलिंग’ (२०१४). कालिम्पाँगचा माणूस, गाणी नेपाळीत. भाषा येत नसली तरी अडत नाही, अर्ध्याअधिक शब्दांशी आपली ओळख निघते. बोटांनी वाजवलेली अकूस्टिक गिटार, मागे हलका ठेका, आणि डोंगरातल्या गावांचं वर्णन. ‘असार’ हे गाणं आषाढातलंच आहे. उदास हवेत ऊब देणारं संगीत कुणी मागितलं तर मी हाच आल्बम पुढे करतो.

अहमदाबादच्या ॲज वी कीप सर्चिंगचा ‘झिया’ (२०१७) पोस्ट-रॉक आहे. गिटार हळूहळू रचत जाऊन मोठी लाट येते, थोडे हिंदी शब्द. पत्र्याखाली चालतो. मोगवाय हा बँड आवडत असेल तर हा आवडेलच. कोलकात्याच्या पारेख अँड सिंग जोडीचा ‘ओशन’ अगदी उलट, नेटका, गोड, फिक्या रंगांचा ड्रीम पॉप. पहिल्या दोन गाण्यांत तो फार गुळगुळीत वाटेल, पण गिटारचं काम लक्ष देऊन ऐका, एकही सूर उगाच वाजवलेला नाही. आणि आपल्या पुण्याच्या ईझी वाँडरलिंग्जचा ‘ॲज रिटन इन द स्टार्स’ (२०१७). बासरी, व्हायोलिन, दोन-तीन गळे एकत्र. तो धुक्यापेक्षा पाऊस उघडल्यानंतरच्या तासाचा आहे, म्हणून यादीत शेवटी ठेवा.

बी_साइड

मंद्रसप्तक यांच्या यादीशी सहमत, एक मुद्दा सोडून. एकामागून एक इतके विरळ, थंड आल्बम लावले तर तिसऱ्या दिवशी ते कानात शिरायचे बंद होतात. दोन थंड आल्बमनंतर एक उबदार हवाच.

उबदार म्हणजे माझ्या लेखी द क्लायंटेलचा ‘सबर्बन लाइट’. लंडनच्या या बँडने सुरुवातीची सुटी गाणी एकत्र करून २००० साली काढला. गळ्यावर इतका रिव्हर्ब (गुंज) आहे की गाणारा शेजारच्या खोलीत बसलाय असं वाटतं, पण गिटारच्या तारा मात्र कानाशी. ‘रेन’ नावाचं गाणंही आहे. लिहिलेलं संध्याकाळ, पानं, रिकामे रस्ते यांच्याबद्दल, तक्रार कशाचीच नाही. दुसरा बीच हाउसचा ‘डिप्रेशन चेरी’ (२०१५). नावावर जाऊ नका. नऊ गाणी, ऑर्गनचा सलग पडदा, साधं ड्रम मशीन आणि व्हिक्टोरिया लग्रांचा खालच्या पट्टीतला भारदस्त आवाज. छोट्या स्पीकरवरही हा भरलेला वाटतो, कारण त्याचं बरंचसं वजन खोल बेसऐवजी मधल्या पट्टीत आहे. रात्रीच्या तुमच्या अडचणीला हा बरा उतारा.

इंडीच्या कुंपणावरचा एक आल्बम: निल्स फ्रामचा ‘फेल्ट’ (२०११). बर्लिनमध्ये रात्री शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्याने पियानोच्या तारांवर नमद्याचा, म्हणजे फेल्टचा, पट्टा टाकला आणि माइक अगदी आत नेऊन ठेवले. हातोड्या उठता-बसताना ऐकू येतात, लाकडाची करकर येते, त्याचा श्वाससुद्धा. शब्द नाहीत, वाचताना लावायला उत्तम. पातळ भिंतींच्या घरात पातळ भिंतींमुळेच जन्मलेला आल्बम ऐकणं योग्यच आहे.

मोगवायचा विषय निघालाच आहे तर ‘कम ऑन डाय यंग’ (१९९९) घ्या. बँड ग्लासगोचा. पहिला अर्धा भाग फार संयत आहे, पण ‘क्रिसमस स्टेप्स’ला आवाज एकदम उसळतो. इयरबडवर आधी वाढवून ठेवला असेल तर त्रास होईल. हीच सूचना द मायक्रोफोन्सच्या ‘द ग्लो पार्ट टू’साठी (२००१). पहिलं गाणं हळूच सुरू होतं आणि दुसऱ्याच्या पहिल्या क्षणाला भिंत कोसळते.

विकत घ्यायचं असेल तर ग्लासगोत मोनोरेल म्युझिक हे दुकान आहे, मोनो या कॅफेच्या आतच. स्कॉटिश बँडचा साठा चांगला. बाकी बँडकॅम्प, संगीत विकणारी वेबसाइट. तिथे एकदा पैसे दिले की फ्लॅक (दर्जा न घटवणारी फाइल), एमपी३ वगैरे हव्या त्या प्रकारात उतरवता येतं. डिजिटल विक्रीवर ते एरवी १५ टक्के कापतात, बँडकॅम्प फ्रायडे जाहीर केलेल्या शुक्रवारी तो वाटा सोडतात. छोट्या कलाकारांचं त्या दिवशी घेतलेलं बरं.

शिशिर_ग्लासगो

सगळ्यांचे मनापासून आभार. स्पीकर ७५ सेंटिमीटरवर आणल्यावर ‘हॅट्स’मधला बेस खरंच परत आला, इक्वलायझर २ डेसिबलवरच थांबवला. दोन प्रश्न उरलेत. कंसवाल्या आल्बममध्ये चौथ्या गाण्यानंतर आवाजच बंद होतो आणि बऱ्याच वेळाने पाचवं सुरू होतं. ॲपची चूक की ब्लूटूथ तुटतंय? आणि ‘रुइन्स’मध्ये ‘लॅबिरिंथ’च्या शेवटी बारीक ‘बीप’ येते. फाइल खराब आहे का?

मंद्रसप्तक

दोन्ही ठीक आहेत. कंसवाल्या आल्बमच्या मध्यात ३६ सेकंदांची शांतता मुद्दाम ठेवली आहे, दोन भाग वेगळे करायला. तुमचं क्रॉसफेड बंद आहे म्हणूनच ती पूर्ण ऐकू आली.

‘लॅबिरिंथ’मधली बीप मायक्रोवेव्हची आहे. घरातली वीज गेली होती, ती मुद्रण चालू असताना परत आली आणि मायक्रोवेव्ह वाजला. हॅरिसने ते काढलं नाही. इतक्या हळू पियानोनंतर ती बीप टोचते खरी, पण त्या क्षणी खोली केवढी, पियानो कुठे, स्वयंपाकघर किती लांब हे सगळं कळतं.

सोल्डरगन

तिसरा प्रश्न येण्याआधीच सांगतो. ‘द ग्लो पार्ट टू’मध्ये अधूनमधून खोल, घोगरा ‘भोंऽऽ’ ऐकू येतो. तो धुक्यातल्या जहाजाच्या भोंग्याचा आहे आणि आल्बमभर पुनःपुन्हा येतो. छोट्या स्पीकरवर तो निम्मा गायबच होतो किंवा कोन घरघरल्यासारखा वाजतो, म्हणून हा आल्बम इयरबडवर ऐका. पहिल्या गाण्यावर आवाज जुळवू नका. दुसऱ्या गाण्याची सुरुवात लावून तिथे कानाला सोसेल इतका ठेवा, मग मागे जाऊन पहिल्यापासून सुरू करा.